समोर बसून दोन घास

साहेब, तुम्ही हसलात.

महापालिकेत तुमच्या टेबलासमोर मी उभा होतो. हस्तीमलशेठ खुर्चीच्या काठावर अवघडून बसले होते. मी एवढंच सांगितलं, की त्या कुत्र्याच्या समोर बसून कुणीतरी दोन घास खा, म्हणजे तो खाईल. नाहीतर तोंड लावणार नाही. तुम्ही हसलात. तुम्ही हसलात म्हणून तुमचा शिपाईसुद्धा हसला. मग तुम्ही म्हणालात, "म्हणजे आमच्या माणसांनी आता कुत्र्यांच्या पंगतीला बसायचं का?"

हे वाक्य तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं. म्हणून सगळं लिहून काढतोय. ऐका.

मी प्रशील. देवपुरात कूलर-पंखे दुरुस्त करतो, घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान. आमच्या घरासमोर हस्तीमलशेठचं किराणा दुकान आहे, आणि दुकानाच्या बाजूला त्यांच्या घराचा ओटा. त्या ओट्यावर त्यांच्या मंडळी सज्जनबाई बसतात. वय ऐंशीच्या घरात, अंग पापडासारखं, आवाज मात्र चौकातून ऐकू येईल असा. आमची आई लीलाबाई आणि त्या सज्जनबाई यांची दोस्ती माझ्या जन्माआधीची. सकाळी त्या म्हणतात जय जिनेंद्र, आई म्हणते जयभीम, आणि दोघी मिळून सुनांच्या पिढीला नावं ठेवतात. गल्लीत कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

त्या ओट्यावर तो कुत्रा आला. तांबडा, एक कान पडलेला, पिल्लूच होता. सज्जनबाईंनी त्याला फुलका दिला. तो थांबला. दुसऱ्या दिवशीही थांबला. शेठ म्हणाले, "नाव काय ठेवायचं?" तर म्हणाल्या, "नाव कशाला? आलाय, जाईल. पावणा आहे तो." तेच नाव पडलं. पावणा मोठा झाला, गेला नाही, आणि नाव पावणाच राहिलं.

आई त्यांना कितीदा म्हणाली, "अहो सज्जनबाई, गळ्यात पट्टा घाला त्याच्या. गाडी फिरते धरायला."

"जीवाला बांधायचं नाही लीलाबाई."

"बांधू नका, नुसता घाला."

"घातला म्हणजे बांधलाच की. त्याला राहायचं तर राहील."

त्याला राहायचंच होतं साहेब. असं राहायचं होतं, की तसं माणूस राहत नाही. सज्जनबाई ओट्यावरून उठल्या की हा उठे. त्या उभ्या राहून भाजीवालीशी भांडायला लागल्या, की हा जाऊन त्यांच्या पायाला अंग टेकून उभा राहायचा. टेकून म्हणजे अख्खं वजन टाकून, धान्याचं पोतं भिंतीला लावावं तसं. त्या ओरडायच्या, "अरे पाडशील की म्हातारीला!" आणि एका हाताने भिंत धरून त्याचं वजन सांभाळत तशाच भांडत राहायच्या. बाजूला व्हायच्या नाहीत. हे त्याचं प्रेम आणि हे त्यांचं.

जैन स्थानकात प्रवचनाला गेल्या की हा बाहेर, चपलांच्या ढिगात. पन्नास बायकांच्या चपलांमधून बरोबर त्यांची काळी चप्पल शोधून त्यावर हनुवटी ठेवून पडायचा. कधी तोंडात धरायचा. दात लावायचा नाही. नुसती धरायचा, लहान पोर आईचा पदर धरतं तशी.

आता खाण्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे.

सज्जनबाईंचा चौविहार. म्हणजे दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही, थेट दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. उन्हं असेपर्यंत त्या ओट्यावरच थाळी घेऊन बसायच्या, समोर त्याचं भांडं. दोघं जेवायचे. त्या हात धुऊन उठल्या की पावणाही तोंड चाटून उठायचा. त्यानंतर त्याला काही टाका, बघायचा नाही. एकदा आमच्याकडे मटण होतं. मी अंधार पडल्यावर दारातून एक चांगला नळीचा तुकडा टाकला त्याच्यापुढे आणि डास येतात म्हणून दार लावून घेतलं. सकाळी तुकडा तिथेच, मुंग्या लागलेल्या. गल्लीभर बोभाटा झाला. लोक लांबून बघायला यायचे, शेठच्या घरचा कुत्रा चौविहार पाळतो म्हणून. चौकातला पुना सलूनवाला म्हणायचा, "पुढच्या जन्मी हा मारवाड्याच्याच घरी, लिहून घ्या."

आई मात्र पदर तोंडाला लावून हसायची. कारण दुपारी हा पठ्ठ्या आमच्या मागच्या दाराशी हजर असायचा. आई उंबऱ्यात बसून जेवायची, आणि हा तिच्यासमोर बसून कडाकडा हाडूक फोडायचा. सज्जनबाईंना माहीत होतं. एकदा त्या आईला म्हणाल्या, "लीलाबाई, तोंड तरी धुवून पाठवत जा त्याचं." आई म्हणाली, "तो दिवसा आमचा, संध्याकाळी तुमचा."

खरी गोष्ट कळली मागच्या पर्युषणात. सज्जनबाईंनी अठाई धरली, आठ दिवसांचा उपवास, नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवसा. पावण्याने तोंड बंद केलं. भांड्यात दूध होतं, तूप लावलेला फुलका होता, तो वासही घेईना. आई तेव्हा माझ्या बहिणीकडे अमळनेरला गेलेली, म्हणजे मागचं दारही बंद. दोन दिवसांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. शेठ घाबरले, जनावरांच्या डॉक्टरला आणलं. डॉक्टर म्हणाला काही नाही, ठणठणीत आहे.

मग सज्जनबाईंनाच सुचलं. त्यांनी रिकामी थाळी मागवली. ओट्यावर मांडी घातली, आणि थाळीतून काही उचलल्यासारखं करून हात तोंडाशी नेला. चावल्यासारखं केलं. एकदा, दोनदा. पावण्याने त्यांच्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं आणि अख्खं भांडं साफ केलं.

मी माझ्या दुकानात बसून बघत होतो. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तो सूर्याकडे बघत नव्हता साहेब. तो तिच्याकडे बघत होता. ती खाते तर मी खातो, एवढाच त्याचा धर्म. रात्रीचं काही नव्हतंच त्यात. रात्री त्याच्यासमोर बसून खाणारं त्याचं माणूस कुणी नसायचं, बस.

उरलेली अठाई सज्जनबाई रोज असं खोटं खोटं जेवल्या. त्याचीही त्यांना टोचणी. म्हणाल्या, "उपवासात खोटेपणा झाला माझ्याकडून." महाराजसाहेबांना जाऊन विचारून आल्या. ते म्हणे हसले आणि म्हणाले, मुक्या जीवासाठी केलंत ना, मग राहू द्या.

ते पण हसले, साहेब. पण ते हसणं वेगळं.

तर, तुमची गाडी आली त्या सकाळी सज्जनबाई स्थानकात होत्या आणि पावणा चपलांवर. मागच्या गल्लीत कुणाला तरी कुठलंतरी कुत्रं चावलं होतं, त्याची तक्रार. ते कुत्रं काळं होतं, सगळ्यांना माहीत होतं. पण तुमच्या माणसांना गाडी भरायची होती. पळणारी पळाली. हा पळाला नाही, कारण त्याला चपलेची राखण होती. जाळं पडलं. बाहेर उभ्या बायका ओरडल्या, "अहो तो घरचा आहे!" तुमचा माणूस म्हणाला, "पट्टा कुठंय?"

प्रवचन संपवून सज्जनबाई बाहेर आल्या तेव्हा चपला रस्ताभर पसरलेल्या होत्या आणि त्यांची एक चप्पल नव्हती. त्या एका पायात चप्पल घालून घरी आल्या. तशाच माझ्या दुकानात शिरल्या. म्हणाल्या, "प्रशील, पावण्याला नेलं रे. त्याच्या तोंडात माझी चप्पल होती. धाक घातला तर सोडेल तरी का तो?" आणि मग एकदम, "त्यांना सांग बेटा, समोर बसून कुणीतरी दोन घास खा. कुणीही खा. नाहीतर मरेल तो."

म्हणून मी आणि शेठ तुमच्याकडे आलो.

तुम्ही विचारलंत, मालक कोण. सरळ प्रश्न होता. सरळ उत्तर द्यायचं होतं, की मी. पण हस्तीमलशेठ हा माणूस वजनकाट्यावर गुंजभर गूळ जास्त टाकील पण शब्द कमी-जास्त बोलणार नाही. ते म्हणाले, "मालक असं नाही साहेब. जीव कुणाच्या मालकीचा नसतो. तो आमच्याकडे राहतो."

मी टेबलाआड त्यांच्या पायावर पाय दिला. काही उपयोग नाही.

"म्हणजे तुमचा नाही?"

"आमचा म्हणवत नाही आम्ही."

"मग आमचा," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, साहेब, माझा आहे, मी मालक, लिहून देतो. तुम्ही म्हणालात, "आत्ता तर शेठ म्हणाले कुणाचाच नाही. ठरवून या आधी." बाहेर आल्यावर मी शेठवर ओरडलो. भर रस्त्यात, माझ्या बापाच्या वयाच्या माणसावर. "काय जात होतं तुमचं 'माझा' म्हणायला?" ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "सवय नाही हो प्रशीलभाऊ."

बाहेर येण्याआधी मी ती समोर बसून खाण्याची गोष्ट सांगितली, आणि तुम्ही ती पंगतीची गंमत केलीत. पण शब्दही दिलात, तो विसरू नका. ऑपरेशन करू, लस देऊ, जिथून उचलला तिथेच आणून सोडू. नियमच आहे तसा. तोपर्यंत तिकडे कुणी यायचं नाही, परवानगी नाही. मी म्हटलं ठीक आहे. नियम आहे म्हटल्यावर मीही गप्प बसलो.

इकडे सज्जनबाईंनी जेवण सोडलं. शेठ म्हणाले, "हे काही व्रताचं पच्चक्खाण घेतलेलं नाही, हा हट्ट आहे. उपवासाला नियम असतो, हट्टाला काय असतं?" त्यांना बीपीची गोळी असते, ती उपाशीपोटी चालत नाही, म्हणून गोळीही बंद. आई थाळी घेऊन गेली तर म्हणाल्या, "तो तिकडे माझ्यावाचून उपाशी, आणि मी इकडे कशी खाऊ? तो आला की दोघं खाऊ." आई म्हणाली, "आणि तो उशिरा आला तर?" त्या म्हणाल्या, "मग उशिरा खाऊ." रोज संध्याकाळी ओट्यावर थाळी मांडायच्या, समोर त्याचं भांडं, आणि दिवस मावळला की दोन्ही आत न्यायच्या. एक दिवस उठताना चक्कर येऊन भिंतीवर गेल्या. त्या पायाला टेकायला आता कुणी नव्हतं, तरी तोल त्याच बाजूला गेला.

त्यानंतर मी परवानगी-बिरवानगी गुंडाळून ठेवली आणि गाडी काढली. गावाबाहेर, हायवेच्या पलीकडे, पत्र्याची शेड. बाहेरूनच वास. आत पिंजरे. मी एकेक पिंजरा बघत गेलो. काळी, पांढरी, ठिपक्यांची. मी हाक मारली, पावणा, ए पावणा. दुसरीच कुत्री भुंकली.

तिथे राखणीला चिंधा म्हणून एक माणूस होता. तो पाण्याचा पाइप हातात धरून आला.

"कोन्ता दखी राह्यना भाऊ?"

"तांबडा. एक कान पडलेला."

"चपलवाला?" त्याने पाइप खाली ठेवला. "तो गया ना भाऊ."

"सोडला? कुठे सोडला?"

"सोडा नही. गया. सुई दिधी त्याले."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, हो, लसीची ना? चिंधा माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझी कीव आली असावी, कारण तो हळू बोलायला लागला.

"पिसाळेल व्हता तो. खाये ना, पे ना. पानी मोरे ठेवं तं पानी दखीसन तोंड फिरावे. डॉक्टर बोलना, हाई पिसाळानं लक्षन शे."

साहेब, तेव्हा मला हसू आलं. खरं सांगतो, दात दिसतील असं हसू. कानात कुणीतरी जुना कूलर चालू केल्यासारखा आवाज येत होता, आणि मी हसत होतो. चिंधा दोन पावलं मागे सरकला.

"अजून?" मी विचारलं. "अजून काय लक्षण होतं?"

"चप्पल व्हती तोंडम्हा. सोडेच ना. डॉक्टर बोलना जबडा आवळाई गया. आनि जाळीले आंग टेकीसन उभा राहे. कोनी जवळ गयं की बठ्ठं वजन टाकीसन टेके. तोल जास म्हने, लकवा चढी राह्यना."

खात नाही. पीत नाही. चप्पल सोडत नाही. अंग टेकून उभा राहतो. त्याच्याजवळ प्रेमाचं जेवढं म्हणून होतं तेवढं सगळं त्याने तुमच्या पिंजऱ्यात दाखवलं, आणि तुमच्या डॉक्टरने त्यातलं एकेक मोजून त्याला पिसाळलेला ठरवलं. चावला का कुणाला? मी चिंधाला विचारलं. नाही. भुंकला? तोही नाही. संशय आला तर वेगळं ठेवून वाट बघायची असते, हे तर चिंधालाही माहीत होतं. मग वाट का नाही बघितली? तो म्हणाला पिंजरे भरले होते, नवी गाडी यायची होती.

"त्याच्यासमोर बसून कुणी काही खाल्लं का?"

"पिसाळेल कुत्रानामोरे कोनी जेवस का भाऊ? आम्हले जीव नही का? मी तं डबा बाहेर जाईसन खाये." मग त्याने कारण विचारलं. "काबर?"

मी सांगितलं. थाळीचं, अठाईचं, सगळं. तो ऐकत होता आणि पाइपातून पाणी वाहून आमच्या पायांपर्यंत आलं तरी दोघांपैकी कुणी हललं नाही. शेवटी तो म्हणाला, "माले कोनीच सांगं नही."

मी तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्यापासून चिंधापर्यंत एक फोन होता, साहेब. माझं अर्धं आयुष्य बंद पडलेल्या मोटारी उघडण्यात गेलंय, एखादी तार तुटलेली असते आणि अख्खं यंत्र जळतं, हे मी रोज बघतो. पण तिथे तार तुटलेली असते. इथे ती जोडायला तुम्हाला लाज वाटली. कुत्र्याच्या पंगतीला बसा, असं आपल्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून.

मी म्हटलं मला त्याला न्यायचंय. चिंधाने शेडमागचा खड्डा दाखवला. वर चुना टाकलेला होता, आणि तो एकटाच नव्हता त्यात. मग चिंधा आत जाऊन चप्पल घेऊन आला. काळी, सज्जनबाईंची. मी ती उलटीसुलटी करून बघितली. दाताची एक खूण नव्हती.

चप्पल डिकीत टाकली आणि गाडीला किक मारत राहिलो. बऱ्याच वेळाने कळलं की चावीच लावली नव्हती.

घरी मागच्या दाराने शिरलो. आई भाकरी थापत होती. तिला सांगितलं. तिचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी जळाली, धूर झाला, तरी ती तशीच. मग एकाएकी म्हणाली, "पाणी पाहून तोंड फिरवलं म्हणून?" मी म्हटलं हो. "अरे, पण ती पाणी प्यायली की तोही प्यायचा." मी म्हटलं हो आई. ती पुन्हा म्हणाली, "पाणी पाहून?" तिच्या डोक्यात ते शिरतच नव्हतं. माझ्याही अजून शिरलेलं नाही.

मी म्हटलं, सज्जनबाईंना आता सांगावं लागेल. तूच सांग, तुझं ऐकतात.

आईने पिठाचे हात झटकले. "मी नाही सांगणार. तू पण नाही सांगायचं. कुणी मारला? आपण? ज्यानं मारला त्यानं येऊन सांगावं."

"ते कशाला येतील?"

"मग लिही त्यांना. येतोस का म्हणून विचार."

मी शेठना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि गुळाच्या ढेपेशेजारी खाली बसले. म्हणाले, "माझा म्हटलं असतं तर?" त्याचं उत्तर मी द्यायचं नाही, साहेब, आणि त्यांनी तर मुळीच नाही. एका माणसाला खोटं बोलवलं नाही, त्याची शिक्षा कुत्र्याला होत नसते.

आत्ता मी हे दुकानात बसून लिहितोय. समोर ओट्यावर सज्जनबाई आहेत. उन्हं कलली आहेत. थाळी मांडली आहे, त्यात दोन फुलके आहेत, खरे. पलीकडे पावण्याचं भांडं आहे. त्या रस्त्याच्या टोकाकडे बघतायत. मघाशी मला हाक मारून विचारलं, "प्रशील, नियमाने आणून सोडतात म्हणालास ना? तिथेच स्थानकाजवळ सोडतील का इथे? मी तिकडे जाऊन बसू?" मी मान हलवली. कशी हलवली ते मला माहीत नाही. त्यांनी तिचा काय अर्थ घेतला तेही माहीत नाही. चप्पल माझ्या डिकीत आहे.

तर मुद्दा एवढाच आहे. इथे एक बाई समोर कुणी बसून खाल्ल्याशिवाय खाणार नाही, आणि जो खायचा त्याला तुम्ही चुन्याखाली घातलाय. तुमच्या कार्यालयापासून आमची गल्ली लांब नाही, पांझरेचा पूल ओलांडला की आलीच. तुम्ही या. त्यांना तुमच्या तोंडाने सांगा काय केलंत ते, आणि सांगून झाल्यावर त्या ओट्यावर मांडी घालून त्यांच्यासमोर दोन घास खाऊन दाखवा.

येताय की नाही? हसू नका. उत्तर द्या.